अर्धसंवाहकांतील अलग अशुद्धी-अणूंचे चुंबकत्व

सिलिकॉन, जर्मेनियम, गॅलियम आर्सेनाइड यांसारख्या अर्धसंवाहक स्फटिकात दुसऱ्या मूलद्रव्याचे अत्यल्प अणू मिसळलेले असता, इतर परक्या अणूंशी संबंध न येता त्यांतील प्रत्येक अणूला जे चुंबकीय परिबल (चुंबकीय परिणामाचे माप) प्राप्त होते व त्याचे जे वर्तन दिसून येते, त्यास अलग अशुद्धी-अणूंचे चुंबकत्व म्हणतात. येथे ‘अशुद्धी’ या शब्दाने मळ अभिप्रेत नाही. शुद्ध स्फटिकाच्या रचनेत हेतुपुरस्सर बसविलेला किंवा तयार करताना नकळत शिरलेला परका अणू, एवढाच त्याचा अर्थ. या विषयाचा पद्धतशीर अभ्यास १९५० नंतर सुरू झाला. त्याच्या सु. सात दशकांच्या इतिहासात एकच प्रश्न निरनिराळ्या रूपांत पुन:पुन्हा उभा राहिलेला दिसतो. तो म्हणजे, मोजलेले चुंबकत्व खरोखर एकट्या अणूचे आहे की नकळत एकत्र आलेल्या अणूंच्या पुंजक्याचे. या प्रश्नाची उकल करण्यात मुंबई व पुणे येथे शिकलेल्या वा काम केलेल्या शास्त्रज्ञांचाही वाटा आहे. [→ अर्धसंवाहक, चुंबकत्व].

मूलभूत कल्पना : इलेक्ट्रॉनाला त्याच्या परिवलनामुळे (स्वतःभोवती फिरण्याशी तुल्य अशा गुणधर्मामुळे) सूक्ष्म चुंबकाचे गुण असतात. अणूतील बहुतेक इलेक्ट्रॉन जोडीजोडीने राहत असल्याने त्यांची परिबले परस्परांना निष्फळ करतात. शुद्ध सिलिकॉनाच्या प्रत्येक अणूतील चारही संयुजा इलेक्ट्रॉन शेजारच्या चार अणूंशी बंध जोडण्यात खर्ची पडतात. त्यामुळे एकही इलेक्ट्रॉन विजोड राहत नाही व शुद्ध सिलिकॉन प्रतिचुंबकीय असते. त्यात एका सिलिकॉन अणूच्या जागी पाच संयुजा इलेक्ट्रॉन असलेला फॉस्फरसाचा अणू बसविला, तर चार इलेक्ट्रॉन बंधांत गुंततात व पाचवा उरतो. या विजोड इलेक्ट्रॉनामुळे तो अणू चुंबकीय बनतो. असा इलेक्ट्रॉन देऊ शकणाऱ्या अणूस दाता म्हणतात. तीनच संयुजा इलेक्ट्रॉन असलेला बोरॉनासारखा अणू बंधात एक उणीव ठेवतो. ही उणीव धन विद्युत् भार असलेल्या कणाप्रमाणे वागते. तिला छिद्र व असा अणू बाळगणाऱ्या अशुद्धीस ग्राही म्हणतात.

लोह, कोबाल्ट, मँगॅनीज इ. संक्रमणी मूलद्रव्यांची गोष्ट निराळी आहे. त्यांच्या अणूंतील आतले ३डी कवच अपुरे भरलेले असते व चुंबकत्व या कवचातून येते. द्विसंयुजी मँगॅनिजात या कवचात पाच इलेक्ट्रॉन असून त्या पाचांची परिवलने एकाच दिशेत असतात. त्यामुळे त्याचे परिबल सु. ५ बोर मॅग्नेटॉन (आणवीय चुंबकत्वाचे एकक) इतके मोठे असते. हे मूलद्रव्य महाराष्ट्राला अपरिचित नाही. भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात चिखला व डोंगरी बुजुर्ग येथे त्याच्या धातुकाच्या खाणी आहेत. मध्य भारतातील या साठ्यांसह देशातील सर्व मँगॅनीज साठ्यांचे सविस्तर वर्णन एल्. एल्. फर्मोर यांनी १९०९ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या ग्रंथात केले होते. धातुकात मँगॅनिजाचे अणू एकमेकांच्या निकट असतात व प्रत्येकावर शेजाऱ्यांचा प्रभाव सतत पडत असतो. एकट्या अणूचा स्वभाव तेथे झाकला जातो. अर्धसंवाहकात तो उघडा पाडता येतो.

अणू ‘एकटा’ केव्हा म्हणावा हे अंतरावर अवलंबून असते. सिलिकॉनात दर ५० लाख अणूंमागे फॉस्फरसाचा एक अणू घातला, तर दोन फॉस्फरस अणूंमधील सरासरी अंतर सु. ४५ नॅनोमीटर (मीटरचा अब्जावा भाग) पडते. सिलिकॉनाच्या दोन शेजारी अणूंमधील अंतराच्या ते सु. २०० पट आहे. तथापि फॉस्फरसाचा पाचवा इलेक्ट्रॉन अणूला घट्ट चिकटून नसतो. स्फटिकातील विद्युत् आकर्षण निर्वातातील आकर्षणाच्या सु. बाराव्या हिश्शाइतके क्षीण होत असल्याने तो सु. २ नॅनोमीटर त्रिज्येच्या विस्तीर्ण कक्षेत पसरतो व त्या पसाऱ्यात सिलिकॉनाचे हजारो अणू येतात. म्हणून अशुद्धीचे प्रमाण थोडे वाढले, तरी शेजारच्या कक्षा एकमेकींत शिरतात व अणूंचे एकटेपण संपते. शिवाय नेहमीच्या तापमानास हा इलेक्ट्रॉन उष्णतेने सुटून स्फटिकभर भटकू लागतो. तो अणूशी बांधलेला राहावा यासाठी स्फटिक द्रव हीलियमाच्या तापमानापर्यंत (४·२ केल्व्हिन वा त्याखाली) थंड करावा लागतो.

आरंभ : इंग्लिश शास्त्रज्ञ ए. एच्. विल्सन यांनी १९३१ मध्ये अर्धसंवाहकांचा पुंजयामिकीय सिद्धांत मांडला. त्याच वर्षी व्होल्फगांग पाउली यांनी रूडॉल्फ पायर्ल्स यांना लिहिलेल्या एका पत्रात अर्धसंवाहकांवर काम करू नये, असा सल्ला दिला होता. त्यांचा आक्षेप निराधार नव्हता. त्या काळच्या नमुन्यांत कोणती अशुद्धी किती आहे हेच माहीत नसल्याने एका प्रयोगशाळेतील मापन दुसरीतील मापनाशी जुळत नसे. दुसऱ्या महायुद्धात रडार यंत्रणेसाठी सिलिकॉन व जर्मेनियम यांच्या शुद्धीकरणावर झालेले परिश्रम, १९४७ मधील ट्रँझिस्टराचा शोध आणि त्यानंतर अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विकसित झालेली विभागीय परिष्करणाची पद्धत यांमुळे परिस्थिती पालटली. आधी स्फटिक जवळजवळ पूर्ण शुद्ध करावयाचा व मग त्यात हवी तीच अशुद्धी हव्या त्या प्रमाणात घालावयाची, हे शक्य झाले.

मापनाचे साधन याच सुमारास उपलब्ध झाले. १९४४ मध्ये रशियन भौतिकीविज्ञ ये. के. झाव्हॉयस्की यांनी कझान येथे इलेक्ट्रॉनीय समचुंबकीय अनुस्पंदनाचा शोध लावला. पदार्थ चुंबकीय क्षेत्रात ठेवला असता विजोड इलेक्ट्रॉनाच्या ऊर्जेच्या दोन पातळ्या होतात. त्यांतील फरकाइतकी ऊर्जा असलेली सूक्ष्मतरंगे त्यावर सोडली म्हणजे ती शोषली जातात. ०·३३ टेस्ला क्षेत्रात मुक्त इलेक्ट्रॉनासाठी ही कंप्रता सु. ९ अब्ज हर्ट्झ असते. इलेक्ट्रॉन कोणत्या अणूजवळ आहे, त्याच्याभोवतीची रचना कशी आहे व शेजारी कोण आहे, यांनुसार शोषणरेषेचे स्थान व तिचे विभाजन बदलते. अशा रीतीने अशुद्धी-अणू स्वतःची ओळख देऊ लागला.

सिलिकॉनातील फॉस्फरस : ए. एम्. पोर्टिस, ए. एफ्. किप, सी. किटेल व डब्ल्यू. एच्. ब्रॅटन यांनी १९५३ मध्ये सिलिकॉनातील इलेक्ट्रॉनांचे अनुस्पंदन प्रथम नोंदविले. त्यांचा नमुना अशुद्धीने बराच भरलेला असल्याने त्यांना एकच रेषा मिळाली. पुढील वर्षी बेल प्रयोगशाळेतील आर्. सी. फ्लेचर व त्यांचे सहकारी यांनी अशुद्धीचे प्रमाण कमी करून पाहिले, तेव्हा त्या एका रेषेच्या जागी फॉस्फरसासाठी दोन व आर्सेनिकासाठी चार रेषा दिसल्या. फॉस्फरसाच्या अणुकेंद्राचे परिवलन १/२ असून ते दोन दिशांत राहू शकते, तर आर्सेनिकाचे ३/२ असून ते चार दिशांत राहू शकते. प्रत्येक दिशेमुळे इलेक्ट्रॉनावर पडणारे क्षेत्र किंचित बदलते व रेषा विभागते. फॉस्फरसाच्या दोन रेषांमधील अंतर सु. ४२ गौस भरले. रेषांच्या संख्येवरून इलेक्ट्रॉन कोणत्या अणूशी बांधलेला आहे हे नि:संशय ठरविता आले.

याच प्रयोगात या दोन ठळक रेषांच्या बरोबर मध्यावर एक क्षीण रेषाही आढळली. तिचे स्पष्टीकरण सी. पी. स्लिक्टर यांनी १९५५ मध्ये दिले. यादृच्छिक वाटपात काही फॉस्फरस अणू योगायोगाने जवळ पडतात. अशा जोडीतील दोन्ही इलेक्ट्रॉन दोन्ही अणुकेंद्रांना सारखेच अनुभवतात आणि त्यांमुळे मधली रेषा उमटते. अशुद्धीचे प्रमाण वाढवीत नेल्यास जोड्यांच्या जागी मोठे पुंजके तयार होतात व अखेरीस सर्व रेषा एकीत विलीन होतात. याचा अर्थ १९५३ ची एकच रेषा गर्दीची होती आणि १९५४ च्या दोन रेषा एकट्या अणूंच्या. अणू एकटा आहे की नाही हे तपासण्याची पहिली विश्वसनीय कसोटी अशा प्रकारे हाती आली.

या क्षेत्रात जी. फेहर यांचे कार्य विशेष महत्त्वाचे आहे. त्यांनी १९५६ मध्ये इलेक्ट्रॉन व अणुकेंद्र या दोहोंचे अनुस्पंदन एकाच वेळी घडवून आणण्याची पद्धत शोधली. निसर्गतः सिलिकॉनाच्या अणूंपैकी सु. ४·७ टक्के अणू २९ भारांकाचे असून केवळ त्यांच्याच अणुकेंद्रांना परिवलन असते. ही अणुकेंद्रे स्फटिकात विखुरलेल्या खुणांप्रमाणे उपयोगी पडली. त्यांच्यावरील परिणाम मोजून पाचव्या इलेक्ट्रॉनाचा पसारा कोठे दाट व कोठे विरळ आहे याचा जणू नकाशाच काढता आला. तो डब्ल्यू. कोन व जे. एम्. लटिंजर यांनी १९५५ मध्ये मांडलेल्या सिद्धांताशी मोठ्या प्रमाणात जुळला. तसेच सु. १ केल्व्हिन तापमानास या इलेक्ट्रॉनाचे परिवलन उलटण्यास तासाच्या घरात वेळ लागू शकतो, असेही दिसून आले. एखाद्या आणवीय गुणधर्माने इतका दीर्घकाळ टिकून राहणे ही त्या वेळी केवळ कुतूहलाची बाब होती. तिचे खरे मोल पुढे चाळीस वर्षांनी कळले.

संक्रमणी मूलद्रव्ये : न्यूयॉर्क राज्यातील स्केनेक्टडी येथील जनरल इलेक्ट्रिक प्रयोगशाळेत जी. डब्ल्यू. लुडविग व एच्. एच्. वुडबरी यांनी १९६० च्या सुमारास सिलिकॉनातील लोह, मँगॅनीज, क्रोमियम इ. अणूंचा अभ्यास केला. हे अणू बहुधा सिलिकॉनाची जागा न घेता स्फटिकातील मधल्या रिकाम्या जागांत बसतात, त्यांच्या बाहेरच्या कवचातील इलेक्ट्रॉन ३डी कवचात उतरतात व तेथे शक्य तितके एका दिशेत राहतात, असा नियम त्यांनी मांडला. त्यानुसार सिलिकॉनाच्या रिकाम्या जागेतील मँगॅनिजाच्या एकाच अणूचे परिवलन त्याच्यावरील विद्युत् भाराप्रमाणे १, ३/२, २ वा ५/२ असू शकते. चुंबकत्व हे अणूचे अंगभूत लेणे नसून त्याला मिळालेली जागा व त्याच्यावरील भार यांवर ते अवलंबून असते, हे यातून स्पष्ट झाले. व्यवहारातही याचे महत्त्व होते, कारण लोहासारखी अशुद्धी अत्यल्प प्रमाणातही सिलिकॉनाच्या विद्युत् घटकांची कार्यक्षमता बिघडविते. अर्धसंवाहकाच्या अरुंद ऊर्जा-अंतरात एकाच अणूच्या इतक्या भारावस्था कशा सामावतात, याचे सैद्धांतिक उत्तर एफ्. डी. एम्. हॉल्डेन व पी. डब्ल्यू. अँडरसन यांनी १९७६ मध्ये दिले.

गॅलियम आर्सेनाइडात मात्र मँगॅनिजाचा अणू गॅलियमाची जागा घेतो. गॅलियम त्रिसंयुजी व मँगॅनीज द्विसंयुजी असल्याने एक इलेक्ट्रॉन कमी पडतो व एक छिद्र निर्माण होते. हे छिद्र मँगॅनिजाशी सु. ०·११ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेने बांधलेले असते व त्याचे परिवलन मँगॅनिजाच्या परिवलनाच्या विरुद्ध दिशेत राहते. एकटा मँगॅनीज अणू व त्याचे छिद्र यांच्यातील हा संबंध पुढील घडामोडींचा पाया ठरला.

मुंबईतील कार्य : अनुस्पंदनाच्या तंत्राचा भारतातील पाया एस्. एस्. धर्मट्टी यांनी घातला. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात फेलिक्स ब्लॉख यांच्या प्रयोगशाळेत असताना त्यांनी जे. टी. अर्नल्ड व एम्. ई. पॅकार्ड यांच्यासमवेत एथिल अल्कोहॉलातील हायड्रोजन अणुकेंद्रांचे तीन स्वतंत्र संकेत ओळखले. हा शोध १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला. अणुकेंद्राचा संकेत त्याच्या शेजारावर अवलंबून असतो हे त्यातून सिद्ध झाले व रसायनशास्त्राला एक प्रभावी साधन मिळाले. पुढे मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च या संस्थेत त्यांनी अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाचा गट उभारला.

याच संस्थेच्या आवारात भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सहकार्याने उभारलेल्या पेलेट्रॉन वेगवर्धकाचे उद्घाटन १९८८ मध्ये झाले. त्याच्या साहाय्याने अलग लोह अणूंचा अभ्यास एका वेगळ्याच मार्गाने करण्यात आला. वेगवान जड आयनांच्या आघाताने लक्ष्यात उत्तेजित लोह-अणुकेंद्रे निर्माण होतात व त्याच धक्क्याने ती यजमान पदार्थात जाऊन रुततात. ती सेकंदाच्या दशलक्षांश भागाहूनही कमी काळ उत्तेजित राहून गॅमा किरण बाहेर टाकतात. बाह्य चुंबकीय क्षेत्रात या किरणांचे दिशावाटप भोवऱ्याप्रमाणे फिरते व त्याच्या वेगावरून लोहाच्या जागी असलेले स्थानिक क्षेत्र कळते. हे क्षेत्र तापमानाबरोबर ठराविक रीतीने बदलले, तर लोहाच्या अणूला स्वतःचे परिबल आहे असे ठरते. बर्लिन येथे १९८०–९० या दशकात क्षार धातूंतील लोहावर असे प्रयोग झाले होते. मुंबईत अनेक धातूंच्या बाबतीत ते करण्यात आले. यजमान धातू असला, तरी या पद्धतीचा धडा अर्धसंवाहकांनाही लागू पडतो. रुतलेल्या अणूंची संख्या इतकी अल्प असते व निरीक्षणाचा काळ इतका थोडा असतो की, अणूंनी एकत्र येऊन पुंजका करण्यास वावच राहत नाही.

एकट्याकडून समूहाकडे : १९७०–८० या दशकात कॅडमियम टेल्युराइड, मर्क्युरी टेल्युराइड इ. संयुगांत मँगॅनीज मिसळून ‘विरल चुंबकीय अर्धसंवाहक’ तयार करण्यात आले. त्यांत वॉर्सा येथील शास्त्रज्ञ अग्रेसर होते. पुढे जपानी शास्त्रज्ञ हिदेओ ओनो यांचे कार्य निर्णायक ठरले. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये इंडियम आर्सेनाइडात व १९९६ मध्ये गॅलियम आर्सेनाइडात मँगॅनीज घालून लोहचुंबकत्व मिळविले. उष्णतेच्या समतोलात गॅलियम आर्सेनाइडात मँगॅनीज फारच थोडे विरघळते. प्रमाण वाढविल्यास ते वेगळे होऊन साचते. म्हणून सु. २५०° से. इतक्या कमी तापमानास थरावर थर चढवून अणूंना हालचालीस वेळ मिळणार नाही अशी व्यवस्था करण्यात आली. अशा पातळ थरात दूर दूर असलेल्या मँगॅनीज अणूंमध्ये फिरती छिद्रे निरोप्याचे काम करतात व सर्व परिबले एका दिशेत आणतात. मात्र हे लोहचुंबकत्व प्रारंभी सु. ११० केल्व्हिनपर्यंत व पुढे पुष्कळ सुधारणा करूनही सु. २०० केल्व्हिनपर्यंतच टिकले. नेहमीचे तापमान सु. ३०० केल्व्हिन असल्याने रोजच्या वापराची उपकरणे त्यापासून बनविता येईनात.

ऑक्साइडांचा वाद : टी. डिट्ल व त्यांचे सहकारी यांनी २००० मध्ये असे भाकीत केले की, झिंक ऑक्साइड व गॅलियम नायट्राइड यांत ५ टक्के मँगॅनीज व पुरेशी छिद्रे असतील, तर नेहमीच्या तापमानासही लोहचुंबकत्व मिळेल. २००१ मध्ये जपानात वाय्. मात्सुमोतो व इतरांनी कोबाल्टयुक्त टिटॅनियम डाय-ऑक्साइडाचा पारदर्शक थर नेहमीच्या तापमानास लोहचुंबकीय असल्याचे जाहीर केले. माहिती साठविणे व तिच्यावर प्रक्रिया करणे ही दोन्ही कामे एकाच पदार्थात होतील या आशेने जगभरच्या प्रयोगशाळा या शोधाकडे वळल्या.

पुणे विद्यापीठाच्या भौतिकी विभागात अध्यापन केलेले सतीशचंद्र ओगले हे त्या वेळी अमेरिकेतील मेरिलंड विद्यापीठात टी. वेंकटेसन यांच्या गटात काम करीत होते. लेसर स्पंदाने पदार्थाचे बाष्प करून त्याचा थर चढविण्याच्या तंत्रात हा गट अग्रगण्य होता. ओगले व त्यांचे सहकारी यांनी २००३ मध्ये कोबाल्टयुक्त टिन ऑक्साइडाच्या पारदर्शक थराविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. ५ टक्के कोबाल्ट असलेल्या या थराचे लोहचुंबकत्व सु. ६५० केल्व्हिनपर्यंत टिकले व दर कोबाल्ट अणूमागे ७·५ बोर मॅग्नेटॉन इतके परिबल भरले. कोबाल्ट धातूत हे परिबल दर अणूमागे सु. १·७ असते व द्विसंयुजी कोबाल्टाच्या केवळ परिवलनातून ३ मिळते. तेव्हा हे जादा परिबल कोठून आले, हा प्रश्न उभा राहिला. कोबाल्ट अणूची कक्षीय गती, शेजारच्या ऑक्सिजनाच्या रिकाम्या जागा अथवा अन्य काही, असे अनेक पर्याय पुढे आले.

याच गटाने ही शंका पुढच्याच वर्षी स्वतः कसोटीस लावली, ही या इतिहासातील लक्षणीय बाब होय. तोवर असे मानले जात होते की, चुंबकत्वामुळे विद्युत् प्रवाहाला आडवे वळण देणारा ‘असामान्य हॉल परिणाम’ दिसला म्हणजे चुंबकत्व अर्धसंवाहकातच सर्वत्र पसरलेले आहे हे सिद्ध होते. एस्. आर्. शिंदे, ओगले व इतरांनी २००४ मध्ये कोबाल्टयुक्त टिटॅनियम ऑक्साइडाच्या थरात हा परिणाम व कोबाल्टाचे नॅनोमीटर आकारमानाचे पुंजके अशी दोन्ही एकाच वेळी दाखवून दिली. म्हणजे निर्णायक समजला जाणारा पुरावा निर्णायक नव्हता. त्याच वर्षी डी. सी. कुंदालिया, ओगले व इतरांनी मँगॅनीजयुक्त झिंक ऑक्साइडाविषयी आधी अन्यत्र प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाची तपासणी केली. तेथील लोहचुंबकत्व झिंकाच्या जागी बसलेल्या एकट्या मँगॅनीज अणूंचे नसून झिंक शिरलेल्या व ऑक्सिजन कमी असलेल्या मँगॅनीज ऑक्साइडाच्या वेगळ्या प्रावस्थेचे आहे, असे त्यांना आढळले. ओगले पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आले. २०१० मध्ये तेथून प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या विस्तृत समीक्षणात विरल अशुद्धी व स्फटिकातील दोष या दोहोंच्या भूमिकेचा एकत्र विचार केलेला आहे.

या थरांतील चुंबकत्व इतके क्षीण असते की, किरकोळ प्रदूषणही फसवे ठरू शकते. मुळात चुंबकीय अशुद्धी नसलेल्या हाफ्नियम ऑक्साइडाच्या थरातही लोहचुंबकत्व आढळल्याचे २००४ मध्ये जाहीर झाले होते. २००५ मध्ये डी. डब्ल्यू. एब्रहॅम व इतरांनी असे दाखविले की, काळजीपूर्वक बनविलेल्या थरात ते दिसत नाही. तथापि तोच थर अगंज पोलादाच्या चिमट्याने हाताळला, तर चिमट्याच्या लोहाचा सूक्ष्म अंश लागून तसाच संकेत मिळतो. या अनुभवानंतर केवळ चुंबकीय मापनावर विसंबण्याची प्रथा मागे पडली. क्ष-किरण शोषणाने अणूची जागा व संयुजा ठरविणे, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पुंजके शोधणे व चिमटे प्लॅस्टिकाचे वा सिरॅमिकाचे वापरणे या गोष्टी आवश्यक मानल्या जाऊ लागल्या. अलग अणूंच्या परस्परसंबंधातून नेहमीच्या तापमानास टिकणारे लोहचुंबकत्व कोणत्याही ऑक्साइडात सर्वमान्य रीतीने अद्याप सिद्ध झालेले नाही.

प्रत्यक्ष एक अणू : अनुस्पंदनाच्या जुन्या प्रयोगांत संकेत अब्जावधी अणूंकडून मिळत असे. ‘अलग’ याचा अर्थ एवढाच होता की, ते एकमेकांवर परिणाम करीत नव्हते. अक्षरशः एकाच अणूचे निरीक्षण त्यानंतर पुष्कळ वर्षांनी शक्य झाले. हिऱ्यातील नायट्रोजनाचा अणू व त्याच्या शेजारची कार्बनाची रिकामी जागा मिळून एक चुंबकीय केंद्र बनते. हिरवा प्रकाश पाडला असता ते तांबडा प्रकाश देते व त्या प्रकाशाची तीव्रता केंद्राच्या परिवलनावर अवलंबून असते. अशा एकेका केंद्राचे अनुस्पंदन १९९७ मध्ये प्रकाशाच्या साहाय्याने नेहमीच्या तापमानास मोजण्यात आले. २००४ मध्ये एल्. बेसॉम्ब व इतरांनी कॅडमियम टेल्युराइडाच्या नॅनोमीटर आकारमानाच्या कणात मँगॅनिजाचा नेमका एक अणू ठेवला. त्या कणाच्या प्रकाशात सहा रेषा मिळाल्या. ५/२ परिवलन असलेल्या अणूच्या सहा अवस्था असतात, ही सिद्धांतातील संख्या अशा रीतीने एकाच अणूच्या प्रकाशात मोजता आली.

पृष्ठावरील अणू अतिसूक्ष्म अग्राने चाचपणाऱ्या क्रमवीक्षक सूक्ष्मदर्शकाने गॅलियम आर्सेनाइडातील एका मँगॅनीज अणूभोवतीचे छिद्र कसे पसरले आहे हे २००४ मध्ये पाहण्यात आले. तो पसारा गोल नसून स्फटिकाच्या अक्षांनुसार ताणलेला आढळला. २००६ मध्ये डी. किचेन, ए. याझदानी व इतरांनी याच साधनाने पृष्ठावरील गॅलियमाचा एकेक अणू काढून त्या जागी मँगॅनिजाचा अणू बसविला व दोन अणूंमधील परस्परक्रिया त्यांच्या अंतरानुसार व दिशेनुसार मोजली. १९५५ मध्ये स्लिक्टर यांनी योगायोगाने पडलेल्या जोड्यांविषयी जे अनुमान केले होते, त्या प्रकारची जोडी आता एका वेगळ्या स्फटिकात हेतुपुरस्सर रचता येऊ लागली.

फॉस्फरसाच्या बाबतीत बी. ई. केन यांनी १९९८ मध्ये असे सुचविले की, सिलिकॉनातील एकेका फॉस्फरस अणूच्या केंद्राचे परिवलन पुंज-संगणकात माहितीचे एकक म्हणून वापरता येईल. फेहर यांनी मोजलेला दीर्घ काळ आता उपयोगास आला. ऑस्ट्रेलियात ए. मोरेलो व त्यांचे सहकारी यांनी २०१० मध्ये सिलिकॉनातील एका इलेक्ट्रॉनाच्या परिवलनाची दिशा एकाच मापनात वाचली व २०१२ मध्ये एका फॉस्फरस अणूशी बांधलेल्या इलेक्ट्रॉनाचे परिवलन हवे तसे फिरविण्यात यश आले. २९ भारांकाचे अणू काढून टाकलेल्या सिलिकॉनात एका फॉस्फरस अणुकेंद्राची पुंज-अवस्था ३० सेकंदांहून अधिक काळ टिकल्याचे २०१४ मध्ये दिसून आले.

महत्त्व : अलग अणूंच्या चुंबकत्वाच्या अभ्यासातून अर्धसंवाहकांतील अशुद्धी ओळखण्याची साधने मिळाली व पुंज-संगणन आणि अतिसूक्ष्म चुंबकीय मापन या नव्या शाखा उदयास आल्या. भारत सरकारने एप्रिल २०२३ मध्ये ६,००३·६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय पुंज मोहिमेस मंजुरी दिली. तिच्या चार केंद्रांपैकी पुंज-संवेदन व मापन या विषयाचे केंद्र मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेकडे २०२४ मध्ये सोपविण्यात आले. हिऱ्यातील नायट्रोजन-केंद्रांवर आधारित चुंबकमापन हा तेथील संशोधनाचा एक भाग आहे. टनांनी खणून काढल्या जाणाऱ्या मँगॅनिजाच्या एका अणूचा स्वभाव आता स्वतंत्रपणे मोजता येतो. मात्र त्या मापनाला अर्थ येण्यासाठी तो अणू खरोखर एकटा आहे हे आधी दाखवावे लागते आणि या विषयातील बहुतेक प्रगती व बहुतेक चुका याच एका पायरीवर झालेल्या आहेत.